सर्च इंजिनचा दंड की आणखी काही? ब्लॉगचे वाचक अचानक आटल्यावर करायची तपासणी आणि दुरुस्ती

माझ्या ब्लॉगवर सर्चमधून येणारे वाचक एका आठवड्यात निम्म्याहून कमी झाले, तेव्हा मी दंड बसला असं स्वतःच ठरवून टाकलं आणि जुन्या लेखांतले बाहेर जाणारे दुवे उपटायला बसलो. तीन आठवडे रोज रात्री तोच उद्योग. शेवटी लक्षात आलं की थीम बदलताना चाचणीच्या प्रतीवरची एक खूण खऱ्या ब्लॉगवर तशीच आली होती. सर्च इंजिनांनी ही साइट इंडेक्स करू नये, म्हणजे आपल्या यादीत घेऊ नये, असं सांगणारी खूण. ती काढायला तीन सेकंद लागले. उपटलेले दुवे परत लावायला महिना गेला, आणि काही तर कुठे होते तेही आठवेना. काखेत कळसा म्हणतात तो हा.

त्यानंतर ओळखीच्या बऱ्याच ब्लॉगरांचे पडलेले आलेख पाहिले. बहुतेकांचा दंड हा दंड नव्हताच, आणि ज्यांना खरोखर दंड झाला होता त्यांनी बराच काळ नोटीसच उघडली नव्हती. म्हणून या लेखात दुरुस्तीइतकीच जागा तपासणीला दिली आहे. पायऱ्या ज्या क्रमानं दिल्या आहेत त्याच क्रमानं करा.

'पेनल्टी' या एका शब्दात तीन आजार

पहिला प्रकार म्हणजे मॅन्युअल अ‍ॅक्शन. गुगलच्या कर्मचाऱ्यानं साइट पाहून, स्पॅमचे नियम मोडले आहेत असं ठरवून केलेली कारवाई. हिची नोटीस येते, कारण लिहिलेलं असतं, आणि दुरुस्ती केल्यावर फेरविचाराची विनंती करता येते. दंड हा शब्द खऱ्या अर्थानं इथेच लागू पडतो.

दुसरा प्रकार अल्गोरिदममुळे आलेली घसरण. निकालांचा क्रम लावायची पद्धत बदलते आणि तुमचे लेख खाली जातात. कुणी तुमचं नाव घेऊन काही ठरवलेलं नसतं, त्यामुळे नोटीस नाही आणि अर्ज करायची खिडकीही नाही.

तिसऱ्या प्रकारात उरलेलं सगळं येतं: तांत्रिक बिघाड, हॅकिंग, हंगाम, विषयातली ओसरलेली उत्सुकता, नवा तगडा स्पर्धक, किंवा सर्चच्या पानाचीच बदललेली मांडणी.

तिन्हींत आलेख सारखाच पडतो, औषध मात्र प्रत्येकाचं वेगळं. मॅन्युअल अ‍ॅक्शन नसताना फेरविचाराची विनंती पाठवायची सोयच नाही. तांत्रिक बिघाडावर लेख पुन्हा लिहून काही होत नाही. अल्गोरिदमच्या घसरणीवर दुवे नाकारण्याची फाइल चढवणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

पायरी १: काहीही बदलण्याआधी नोंद

पहिले दोन दिवस ब्लॉगला हात लावू नका. हे सांगायला सोपं आणि पाळायला महाकठीण आहे, पण घाईत केलेल्या बदलांमुळे खरं कारण शोधणं अशक्य होऊन बसतं.

ब्लॉगची पूर्ण प्रत काढून ठेवा. मग एका वहीत किंवा फाइलमध्ये गेल्या तीन महिन्यांत काय काय केलं ते तारखेसकट लिहा: थीम, प्लगिन, होस्टिंग, लेखांच्या पत्त्यांची रचना, नव्या जाहिराती, पाहुण्यांचे लेख, प्रायोजित मजकूर. आठवत नसेल तर ईमेल आणि होस्टिंगच्या पावत्या चाळा, तिथे तारखा सापडतात.

सर्च कन्सोल, म्हणजे आपली साइट सर्चमध्ये कशी दिसते ते दाखवणारं गुगलचं साधन, जोडलेलं नसेल तर आजच जोडा. परफॉर्मन्स अहवालात जास्तीत जास्त १६ महिन्यांची आकडेवारी राहते, त्याआधीची मिळत नाही. म्हणून हाताशी आहे ती उतरवून ठेवा. पुढच्या वर्षी याच महिन्याशी तुलना करायची झाली तर हीच फाइल उपयोगी पडेल.

पायरी २: नेमकं काय पडलं

'ट्रॅफिक पडला' हे निदान होत नाही. डॉक्टरला 'बरं वाटत नाही' एवढंच सांगितल्यासारखं ते आहे.

आधी मोजणारं यंत्र ठीक आहे ना ते पाहा. थीम बदलल्यावर अ‍ॅनालिटिक्सचा कोड गळून पडणं ही रोजची गोष्ट. सर्च कन्सोलमध्ये क्लिक तेवढेच असतील आणि अ‍ॅनालिटिक्समध्येच घसरण दिसत असेल, तर वाचक कुठे गेलेले नाहीत, मोजणी थांबली आहे.

मग सर्च कन्सोलमध्ये दोन कालखंडांची तुलना लावा. घसरणीनंतरचे २८ दिवस घ्या, त्याआधीचे २८ घ्या, आणि शक्य असेल तर गेल्या वर्षीचे तेच दिवस घ्या. अगदी शेवटच्या दोन-तीन दिवसांचे आकडे कच्चे असतात, ते सोडून द्या. परीक्षा, कर भरणा, सण, प्रवास अशा विषयांवर लिहिणाऱ्यांनी वर्षाची तुलना चुकवू नये. हंगाम संपल्यावर दरवर्षी आलेख पडतो आणि दरवर्षी कुणीतरी घाबरतं.

आता चार स्तंभ शेजारी ठेवून वाचा: क्लिक, इम्प्रेशन (निकालांत तुमचा दुवा किती वेळा दिसला), क्लिकचं प्रमाण, सरासरी क्रमांक.

क्रमांक तसाच आहे, इम्प्रेशनही तसेच, पण क्लिक कमी. याचा अर्थ तुम्ही जागेवर आहात, वाचकाला उत्तर तुमच्या आधीच मिळतं आहे. निकालांच्या डोक्यावर आलेला उत्तराचा चौकोन, व्हिडिओंची रांग, किंवा २०२४ च्या मे महिन्यात अमेरिकेत सुरू होऊन पुढे इतर देशांत पसरलेले एआय ओव्हरव्ह्यू, म्हणजे यंत्रानं लिहिलेलं उत्तराचं सार. हा दंड नव्हे आणि याच्यावर दंडाचे उपाय चालत नाहीत.

क्रमांक तसाच, इम्प्रेशन कमी: लोक तो विषय कमी शोधत आहेत.

क्रमांकच घसरला असेल तर पुढे वाचा. आणि इम्प्रेशन जवळपास शून्यावर आले असतील तर पायरी ३ आधी करा, कारण एवढी सपाट रेघ बहुधा तांत्रिक चुकीनं किंवा फार कडक कारवाईनंच येते.

आणखी एक फोड हवी, ती पानांनुसार. घसरण सगळ्या ब्लॉगवर आहे की दहा लेखांवर? मी एका मैत्रिणीचा ब्लॉग तपासला तेव्हा तिची जवळजवळ सगळी घसरण दोन लेखांची निघाली. ते दोन लेख पूर्वी तिच्या एकूण वाचकांपैकी निम्मे आणत होते. बाकी ब्लॉग ठणठणीत होता, आणि ती मात्र डोमेन बदलायच्या तयारीत होती.

सर्च आणि डिस्कव्हर (न शोधताही गुगल फोनवर सुचवतं ती लेखांची यादी) हे अहवालही वेगवेगळे पाहा. डिस्कव्हरमधून येणारा लोंढा स्वभावानंच लहरी असतो. तो आला तेव्हा कारण कळलं नव्हतं, गेल्यावरही फारसं कळत नाही.

पायरी ३: तांत्रिक कारणं आधी मोडीत काढा

एका पडलेल्या लेखाचा पत्ता सर्च कन्सोलच्या यूआरएल तपासणीच्या चौकटीत टाका. पान इंडेक्समध्ये आहे का, शेवटचं क्रॉल कधी झालं (गुगलचा प्रोग्राम, म्हणजे क्रॉलर, पान कधी वाचून गेला), गुगलनं कॅनॉनिकल, म्हणजे पानाचा मुख्य पत्ता, म्हणून कोणता पत्ता धरला आहे, हे तिथे दिसतं. 'नोइंडेक्समुळे वगळलं' असं आलं तर तुमचाही आजार माझाच. वर्डप्रेसमध्ये सेटिंग्जच्या रीडिंग पानावर सर्च इंजिनांना परावृत्त करणारी खूण असते, ती पाहा. एसइओच्या (सर्चमध्ये वर येण्यासाठीच्या) प्लगिनमध्येही अशीच खूण प्रत्येक लेखासाठी आणि प्रत्येक वर्गवारीसाठी वेगळी असते.

रोबोट्स फाइल (क्रॉलरनं कुठे जाऊ नये ते सांगणारी robots.txt) उघडून पाहा. सगळी साइट बंद करणारी एक ओळ तिथे राहून गेली तर क्रॉलर दारातूनच परत जातो. मग सर्व्हर. स्वस्त होस्टिंगवर क्रॉलरला वारंवार ५०० च्या मालिकेतल्या चुका मिळत असतील, तर गुगल आपणहून क्रॉलचा वेग कमी करतं, आणि चुका चालूच राहिल्या तर पानं इंडेक्समधून गळायला लागतात. सेटिंग्जमधला क्रॉल स्टॅट्स अहवाल हे दाखवतो.

लेखांच्या पत्त्यांची रचना बदलली असेल, म्हणजे पत्त्यातून तारीख काढली किंवा वर्गवारीचं नाव घातलं असेल, तर जुन्या प्रत्येक पत्त्यावरून नव्या पत्त्यावर ३०१ रीडायरेक्ट (कायमचं वळण) हवं. ते नसेल तर जगाच्या लेखी तुमचे जुने लेख मेले आणि त्यांना मिळालेले दुवेही त्यांच्याबरोबर गेले. नव्या डोमेनवर गेलेल्यांनी रीडायरेक्ट किमान वर्षभर ठेवावं. माझं मत विचाराल तर जुनं डोमेन परवडतं तोवर सोडूच नये.

हॅकिंगची शंका इथेच फेडून घ्या. सिक्युरिटी इश्यूज अहवाल पाहा. गुगलमध्ये site: अशी सुरू होणारी शोधाज्ञा (पुढे लगेच डोमेनचं नाव) वापरून आपल्या डोमेनची पानं काढा. तुम्ही कधी न लिहिलेली औषधांची, जुगाराची किंवा भलत्याच लिपीतली पानं दिसली, तर ब्लॉगमध्ये कुणीतरी शिरलं आहे. ही पानं पुष्कळदा फक्त क्रॉलरला दाखवली जातात, तुम्ही पत्ता उघडला तर काही दिसत नाही. म्हणून यूआरएल तपासणीतलं थेट चाचणीचं चित्र पाहा. आणि सर्च कन्सोलमध्ये वापरकर्त्यांची यादी उघडा. घुसखोर स्वतःला मालक म्हणून जोडून घेतात, आणि त्या यादीकडे वर्षानुवर्षं कुणी बघत नाही.

पायरी ४: मॅन्युअल अ‍ॅक्शनचं पान उघडा

सर्च कन्सोलच्या डाव्या पट्टीत सिक्युरिटी अँड मॅन्युअल अ‍ॅक्शन्स हा गट आहे. तिथे हिरवी खूण आणि काही अडचण आढळली नाही असं वाक्य असेल तर तुमच्यावर कुणी कारवाई केलेली नाही. मग ही पायरी सोडून थेट पाचवीकडे जा. ज्यांना 'गुप्त दंड' झाल्याचा संशय आहे, त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

नोटीस असेल तर तीत कारवाईचा प्रकार आणि ती कुठवर लागू आहे हे दोन्ही असतं. सगळ्या साइटवर, की काही पानांवर. ब्लॉगरांच्या वाट्याला येणारे प्रकार मोजके आहेत.

*तुमच्याकडून बाहेर जाणारे अनैसर्गिक दुवे.* पैसे, वस्तू किंवा उपकार घेऊन दिलेले दुवे. ब्लॉगरांचा हा सगळ्यात जुना गुन्हा. २००७ च्या अखेरीस दुवे विकणाऱ्या कितीतरी ब्लॉगांचा ब्राउझरच्या टूलबारवर दिसणारा पेजरँक (दुव्यांवरून ठरणारं पानाचं वजन) गुगलनं खाली आणला होता. प्रायोजित लेख लिहिण्यावर बंदी नाही. त्यातल्या दुव्यावर स्पॉन्सर्ड किंवा नोफॉलो हे रेल (rel) गुणधर्म, म्हणजे दुव्याच्या कोडमध्ये लिहायची खूण, हवेत एवढीच अट आहे. नोफॉलो २००५ पासून आहे. स्पॉन्सर्ड आणि वाचकांच्या मजकुरासाठीचा यूजीसी हे दोन २०१९ मध्ये आले. अफिलिएट दुव्यांनाही, म्हणजे ज्यांवरून विक्री झाली की कमिशन मिळतं त्यांनाही, हेच लागू. गुगलनं या बाबतीत घरच्यांनाही सोडलं नव्हतं. २०१२ च्या जानेवारीत क्रोमच्या प्रचारमोहिमेत पैसे घेतलेल्या एका ब्लॉग लेखात नोफॉलो नसलेला दुवा निघाला, आणि क्रोमच्या पानाचा क्रमांक किमान ६० दिवसांसाठी खाली नेण्यात आला.

दुरुस्ती: सगळे प्रायोजित लेख आणि पाहुण्यांचे लेख एका तक्त्यात काढा. प्रत्येक दुव्यापुढे मोबदला घेतला का ते लिहा. शंका असेल तिथे 'हो' समजा. गुणधर्म लावा किंवा दुवा काढा. प्रायोजक कुरकुर करेल. 'आमचा दुवा साधाच ठेवा' असा हट्ट धरणारा प्रायोजक नेमकं काय विकत घेत होता ते तेव्हा उघड होतं.

*तुमच्याकडे येणारे अनैसर्गिक दुवे.* विकत घेतलेले दुवे, आपापसातली अदलाबदल, दुव्यांसाठीच उभारलेली ब्लॉगांची जाळी, एकाच शब्दावर दुवा ठोकलेले शेकडो पाहुणे लेख. गुगलच्या वेबस्पॅम विभागाचे तेव्हाचे प्रमुख मॅट कट्स यांनी २०१४ च्या जानेवारीत दुव्यांसाठी पाहुणे लेख लिहिण्याचा खेळ संपला असं जाहीर केलं होतं. त्यानंतरही हा धंदा चालूच आहे, त्याच्या निमंत्रणाचे ईमेल मला अजून येतात.

सर्च कन्सोलच्या लिंक्स अहवालातून बाहेरच्या दुव्यांची यादी उतरवा आणि जे तुम्ही किंवा तुम्ही नेमलेल्या कुणी लावले ते वेगळे काढा. त्या साइटवाल्यांना लिहून दुवे काढायला सांगा आणि पाठवलेल्या प्रत्येक ईमेलची नोंद ठेवा, ती पुढे लागणार आहे. जे काढले जाणार नाहीत त्यांच्यासाठी डिसअव्हाउ फाइल, म्हणजे हे दुवे धरू नका असं गुगलला सांगणारी यादी. गुगलनं ही सोय २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये दिली. फाइल साधी टेक्स्ट असावी, प्रत्येक ओळीत एकच नोंद, आकार २ एमबीपर्यंत आणि ओळी १ लाखापर्यंत. अख्खी साइट नाकारायची तर ओळीच्या सुरुवातीला इंग्रजी लहान अक्षरांत डोमेन हा शब्द, लगेच अपूर्णविराम, आणि मध्ये जागा न सोडता साइटचं नाव. नवी फाइल चढवली की जुनी पुसली जाते, म्हणून जुन्या नोंदी नव्या फाइलमध्येही हव्यात.

मॅन्युअल अ‍ॅक्शन नसताना ही फाइल चढवू नका. कुठल्याही ब्लॉगकडे कचरा साइट्सचे दुवे येतच असतात, आणि २०१६ मध्ये पेंग्विन हा बनावट दुवे पकडणारा अल्गोरिदम मुख्य अल्गोरिदममध्ये सामावल्यापासून गुगल असे दुवे बहुधा हिशेबातच धरत नाही. तुमचे 'विषारी दुवे' मोजून देणारी विकतची साधनं लाल आकडे दाखवतात. ते आकडे त्या साधनाचे आहेत, गुगलचे नव्हेत. त्यांच्या भरवशावर चांगले दुवेही नाकारून बसलेले लोक मी पाहिले आहेत. बिंगनं तर आपली अशी सोय २०२३ मध्ये बंदच केली.

*निकृष्ट किंवा घाऊक मजकूर.* इकडून तिकडून उचललेला, यंत्रानं थोकानं पाडलेला, शहरांची नावं बदलून तोच तो छापलेला. मार्च २०२४ मध्ये गुगलनं घाऊक मजकुराचा गैरवापर आणि मुदत संपलेल्या डोमेनचा गैरवापर यांविरुद्ध वेगळे नियम केले. मजकूर माणसानं लिहिला की यंत्रानं, यावर हा नियम अडलेला नाही. वाचकाच्या उपयोगाऐवजी क्रमांक मिळवण्यासाठी तो थोकानं बनवला का, हे पाहिलं जातं. इथे दुरुस्ती म्हणजे काढून टाकणंच. डागडुजी करून शंभर लेख वाचवायचा प्रयत्न सहसा नामंजूर होतो.

*साइटच्या नावलौकिकाचा गैरवापर.* तुमच्या चांगल्या ब्लॉगचा एक कोपरा भाड्यानं घेऊन दुसऱ्याच कुणी तिथे कूपन किंवा कर्जांची पानं टाकणं. ५ मे २०२४ पासून याविरुद्धचा नियम लागू झाला. 'आमची फक्त जागा आहे, मजकूर त्यांचा' ही सबब चालत नाही.

*वाचकांनी टाकलेला स्पॅम.* प्रतिक्रियांमधले दुवे, उघड्या नोंदणीतून बनलेली बोगस प्रोफाइल पानं. साफ करा, नोंदणी बंद करा, प्रतिक्रियांतल्या दुव्यांवर यूजीसी लावा. सगळ्यांत सुटसुटीत प्रकार हाच.

फेरविचाराची विनंती कशी लिहायची

दुरुस्ती पूर्ण झाल्यावरच पाठवा. 'काही पानं केली, बाकी करतो आहे' असं म्हणून अंशतः सूट मिळत नाही. उत्तराला काही दिवसांपासून काही आठवडे लागतात, दुव्यांच्या प्रकरणात त्याहूनही जास्त. उत्तर येईपर्यंत दुसरी विनंती पाठवू नका.

पलीकडे वाचणारा माणूस आहे आणि त्याला तीन गोष्टी हव्या आहेत: काय चुकलं ते तुम्हाला कळलं का, काय दुरुस्त केलं, आणि त्याचा परिणाम दिसतो का. रडगाणं नको, स्पर्धकाची चहाडी नको, 'घर यावर चालतं' हेही नको. नमुना असा:

'२०२३ च्या मध्यापासून आम्ही मोबदला घेऊन ४२ लेख छापले आणि त्यांतल्या दुव्यांवर कोणताही गुणधर्म लावला नाही. हे नियमाविरुद्ध होतं. ३१ लेखांतल्या दुव्यांवर आता स्पॉन्सर्ड लावला आहे, ११ लेख पूर्ण काढले आहेत. सर्व पत्त्यांचा आणि बदलांचा तक्ता सोबतच्या दुव्यावर आहे. यापुढे प्रायोजित मजकूर छापण्याआधी तपासायची यादी आम्ही बनवली आहे, तीही जोडली आहे.'

आकडे अर्थातच स्वतःचे घाला. 'आधीच्या एसइओवाल्यानं केलं' हे खरं असेल तर एका वाक्यात सांगा आणि पुढे जा. साइट तुमची आहे, जबाबदारीही तुमचीच धरली जाते. तक्ता उघडायला परवानगी मागावी लागणार नाही याची खात्री करा. बंद तक्त्याचा दुवा पाठवून नकार पदरात घेतलेला एक जण माझ्या ओळखीचा आहे.

नकार आला तर उत्तरात कधी कधी अजून शिल्लक असलेल्या पानांची उदाहरणं असतात. ती उदाहरणंच असतात, पूर्ण यादी नव्हे. तेवढीच दुरुस्त करून परत पाठवलं की पुन्हा नकार येतो.

आणि कारवाई उठली तरी जुना क्रमांक परत येईलच असं नाही. तो विकत घेतलेल्या दुव्यांवर उभा असेल तर त्याचा पायाच तुम्ही आता काढला आहे. मोठ्यांचं गणित थोडं वेगळं असतं, हेही सांगायला हवं. ब्लॉगरांना प्रसिद्धीच्या बदल्यात दुवे द्यायला सांगणारी रॅप जीनियस ही गाण्यांच्या शब्दांची साइट २०१३ च्या नाताळात खाली फेकली गेली आणि सुमारे १० दिवसांत परतली. तुमच्या-माझ्या ब्लॉगनं इतक्या वेगाची अपेक्षा धरू नये.

पायरी ५: नोटीस नाही, बिघाड नाही, तरी क्रमांक गेला

हा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात चिकट गट.

गुगलच्या सर्च स्टेटस डॅशबोर्डवर प्रत्येक कोअर अपडेट (क्रम लावायच्या मुख्य पद्धतीतला मोठा बदल) आणि स्पॅम अपडेट कधी सुरू झालं आणि कधी संपलं ते लिहिलेलं असतं. तुमच्या घसरणीची तारीख त्याच्या शेजारी ठेवा. अपडेट पूर्ण पसरायला बहुधा दोन आठवडे लागतात. मार्च २०२४ चं तर ४५ दिवस चाललं. ते संपल्यावर किमान एक आठवडा जाऊ द्या, आणि मग त्यानंतरच्या आठवड्याची तुलना अपडेट सुरू होण्याआधीच्या आठवड्याशी करा. मधल्या दिवसांचे आकडे पाहून निर्णय घेणं म्हणजे भूकंप चालू असताना भिंत मोजणं. दुसऱ्यावरून चौथ्या क्रमांकावर आलात तर मोठी उलथापालथ करू नका. चौथ्यावरून २९ वर गेलात तर बसून विचार करायला हवा.

मोठ्या घसरणीचा इतिहास थोडा माहीत असावा, कारण प्रत्येक लाटेनं वेगळ्या सवयीवर घाव घातला. फेब्रुवारी २०११ मधलं पांडा अपडेट पातळ, थोकानं बनवलेल्या मजकुरावर होतं आणि अमेरिकेतल्या सुमारे १२ टक्के शोधांवर त्याचा परिणाम झाल्याचं गुगलनंच सांगितलं. एप्रिल २०१२ मधल्या पेंग्विननं बनावट दुव्यांना धरलं. ऑगस्ट २०२२ मध्ये, वाचकाऐवजी सर्चसाठी लिहिलेल्या मजकुरावरचं 'हेल्पफुल कंटेंट' आलं आणि मार्च २०२४ मध्ये ते मुख्य अल्गोरिदममध्ये मिसळलं. त्याची सप्टेंबर २०२३ ची फेरी स्वतंत्र ब्लॉगरांना सर्वात जास्त लागली. प्रवास, पाककृती, वस्तूंची परीक्षणं यांवर एकट्यानं लिहिणाऱ्या कित्येकांचे सर्चमधून येणारे बहुतेक वाचक गेले. त्यात कामचुकार होते तसे प्रामाणिकही होते. सुक्याबरोबर ओलंही जळालं, असं माझं मत आहे. ऑगस्ट २०२४ च्या कोअर अपडेटमध्ये छोट्या स्वतंत्र साइट्सच्या तक्रारी विचारात घेतल्याचं गुगलनं म्हटलं. काहींना थोडं परत मिळालं, पुष्कळांना नाही.

हे अशासाठी सांगतो की या पायरीत यशाची हमी नाही. तरी करण्यासारखं आहे ते असं.

सर्वात जास्त वाचक गमावलेले २० लेख काढा. प्रत्येकाचा मुख्य शोधशब्द खासगी विंडोत शोधा आणि आता वर असलेले पहिले पाच निकाल नीट, वेळ देऊन वाचा. तिथे लेखांऐवजी चर्चामंच, व्हिडिओ किंवा दुकानांची पानं आली असतील, तर लोकांना त्या शब्दावर लेखच नको आहे असं गुगलनं ठरवलं आहे. तिथे तुमचा लेख कितीही घासला तरी वर येणं अवघड, तो शब्द सोडून द्या. लेखच असतील तर त्यांच्यात काय आहे आणि तुमच्यात काय नाही ते लिहा. स्वतः वापरलेल्या वस्तूचे फोटो? केलेली मोजमापं? की उत्तर पहिल्या परिच्छेदात दिलंय, आणि तुम्ही ते आठशे शब्द आणि चार जाहिरातींनंतर देता?

माझ्या अनुभवात ब्लॉगरांचे लेख बहुतेक वेळा या शेवटच्या कारणानं हरतात. एका प्रश्नाचं उत्तर असलेला लेख आपण 'मोठा लेख वर येतो' या समजुतीनं फुगवतो. गुगलनं शब्दसंख्येची कुठलीही अट घातलेली नाही.

मग एकमेकांवर चढलेले लेख शोधा. एकाच विषयावर वेगवेगळ्या वर्षी लिहिलेले चार अर्धवट लेख असतील तर सगळ्यात चांगला ठेवा, बाकीच्यांतलं कामाचं त्यात आणा आणि जुने पत्ते त्याच्याकडे वळवा. लेख सरसकट पुसणं हा शेवटचा उपाय. वाचक नसलेला लेख वाईटच असतो असं नाही, काही विषयांना वर्षाला दहाच माणसं शोधतात आणि त्या दहांना दुसरीकडे कुठे उत्तर मिळत नाही.

लेखाची तारीख बदलून तो ताजा भासवू नका. मजकूर खरोखर बदलला असेल तरच बदला.

जाहिरातींचा भार फोनवर स्वतः पाहा, स्वस्तातल्या फोनवर आणि कमकुवत नेटवर. लेखकाची ओळख, त्याचा त्या विषयाशी संबंध, संपर्काची सोय हे लेखाच्या पानावर असावं. याचा थेट क्रमांक मिळतो म्हणून नव्हे, तर पैसा आणि आरोग्य यांसारख्या विषयांवर 'हे सांगणारा कोण' असं वाचक विचारतोच.

बदल केल्यावर काही दिवसांत थोडी हालचाल दिसू शकते, पण साइटबद्दलचं एकूण मत बदलायला महिने लागतात, आणि पुष्कळदा पुढचं कोअर अपडेट यावं लागतं. म्हणून बदलांची तारीखवार नोंद ठेवा आणि दोन कोअर अपडेट जाऊ द्या.

तोवर पोटापाण्याचं काय

जाहिरातींचं उत्पन्न वाचकांच्या प्रमाणात लगेच पडतं, अफिलिएटचं महिना-दोन महिन्यांनी जाणवतं, कारण ते पैसे उशिरा मिळतात. तेव्हा घसरणीच्या महिन्यात खात्यावर आलेला चेक पाहून निश्चिंत होऊ नका. प्रायोजकांनी आकडे विचारण्याआधी त्यांना स्वतः सांगा. त्यांच्याकडेही तपासायची साधनं आहेत.

वृत्तपत्रिकेची नोंदणी नसेल तर आता सुरू करा आणि ईमेल पत्त्यांची यादी दर महिन्याला उतरवून स्वतःजवळ ठेवा. सर्चमधून येणारे वाचक हातात असतानाच ही यादी भरते. नंतर ती भरायला लोकच येत नाहीत.

कोर्टाचा रस्ता काहींनी चोखाळून पाहिला. अमेरिकेत सर्च किंग या कंपनीनं क्रमांक घसरवल्याबद्दल गुगलवर खटला भरला, आणि २००३ मध्ये ओक्लाहोमाच्या संघीय न्यायालयानं पेजरँक हे मत आहे, त्याला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण आहे, असं म्हणून तो फेटाळला. किंडरस्टार्टचा खटलाही २००७ मध्ये फेटाळला गेला. वकिलाला द्यायचे पैसे संपादनावर खर्च करा.

डोमेन सोडावं का

शक्यतो नाही. तोच मजकूर नव्या नावावर नेऊन जुन्यावरून रीडायरेक्ट केलं, तर अडचणीही मागोमाग येतात. मजकूर हेच कारण असेल तर नवं नाव काही काळ अनोळखी म्हणून सुटतं, मग तिथेच येतं.

सोडण्यासारखी स्थिती एकच: आधीच्या मालकानं पूर्ण नासवलेलं डोमेन तुम्ही अजाणता घेतलं आहे, दुव्यांचा ढीग उपसून संपत नाही आणि तुमचे स्वतःचे लेख अजून थोडे आहेत. तसं असेल तर चांगले लेख उचला, रीडायरेक्ट न लावता नव्या जागी न्या आणि जुन्या जागेवरून काढून टाका. नवं नाव घेताना मात्र ते वेबॅक मशीनवर (साइट्सच्या जुन्या प्रती जपून ठेवणारी साइट) टाकून पूर्वी तिथे काय होतं ते पाहा. घेतल्यावर सर्च कन्सोलमध्ये जोडून, पहिला लेख चढवण्याआधी मॅन्युअल अ‍ॅक्शनचं पान उघडा. जुन्या मालकावरची कारवाई तिथे नव्या मालकालाही दिसते.